केबलला हात न लावता घरी गाडी चार्ज व्हावी यासाठी घराची तयारी

इलेक्ट्रिक गाडी घरी चार्ज करताना आपला हात नेमका किती वेळा लागतो, हे एकदा मोजून पाहावे. डिकीतून केबल काढणे, ती उलगडणे, गन (केबलच्या टोकाचा प्लग) गाडीला लावणे, ॲप उघडून चार्जिंग सुरू करणे, मध्यरात्री वीज जाऊन परत आल्यास खाली उतरून चार्जर पुन्हा चालू करणे आणि सकाळी पावसात भिजलेली, चिखलाने माखलेली केबल पुसून गुंडाळणे, इतकी कामे त्यात येतात. यांपैकी गन लावण्याचे काम जेमतेम दहा सेकंदांचे असते. जीव मेटाकुटीला येतो तो बाकीच्या कामांनी. म्हणून ‘हाताविना चार्जिंग’ म्हणजे जमिनीत बसवलेली वायरलेस पाटी, एवढाच अर्थ धरून चालणाऱ्याचा खर्च मोठा होतो आणि त्रास बराचसा तसाच राहतो. या लेखात वायरलेस तंत्राची सविस्तर माहिती आहेच. पण त्याआधी भिंत, फरशी, मीटर आणि अर्थिंग यांची जी तयारी करावी लागते तिला अधिक जागा दिली आहे, कारण पुढे कोणतेही यंत्र आणले तरी ते याच तयारीवर उभे राहणार आहे.

वायरलेस चार्जिंग चालते कसे आणि आज ते कोठवर आले आहे

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन हेच यामागचे तत्त्व आहे. फरशीवरील पाटीत तांब्याची सपाट कॉइल असते. घरातील ५० हर्ट्झची वीज आधी सुमारे ८५ हजार हर्ट्झ वारंवारतेची केली जाते आणि या कॉइलमधून सोडली जाते. त्यातून निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र गाडीच्या पोटाखाली बसवलेल्या दुसऱ्या कॉइलमध्ये वीज निर्माण करते आणि ती एकदिश होऊन बॅटरीत जाते. दोन्ही कॉइल एकाच वारंवारतेला अनुनादित केलेल्या असल्यामुळे मध्ये वीतभर हवा असली तरी ऊर्जा फारशी वाया जात नाही.

वाहन अभियंत्यांच्या एसएई या संघटनेचे या यंत्रणेसाठीचे जे२९५४ हे मानक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३.७, ७.७ आणि ११ किलोवॅट असे शक्तीचे तीन वर्ग आहेत. घर तयार करणाऱ्याच्या दृष्टीने त्यातील दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला आकडा फरशी आणि गाडीतील कॉइल यांच्यामधील अंतराचा : १०० ते १५०, १४० ते २१० आणि १७० ते २५० मिलिमीटर असे तीन गट त्यासाठी केलेले आहेत. आपल्याकडच्या उंच बांध्याच्या एसयूव्ही बहुतेक वरच्या दोन गटांत मोडतील. दुसरा आकडा गाडी उभी करण्यातील चुकीचा : पुढे-मागे ७५ आणि डावी-उजवीकडे १०० मिलिमीटरपर्यंत चूक चालते, त्यापलीकडे नाही. रोज अंदाजाने गाडी लावणाऱ्या माणसाला वीतभराची चूक सहज होते, हे येथेच नोंदवून ठेवावे.

बाजारातील इतिहास मात्र फारसा उत्साहवर्धक नाही. अमेरिकेत निसान लीफ आणि शेव्हरले व्होल्ट या गाड्यांना बाहेरून बसवण्याचे वायरलेस संच काही वर्षांपूर्वी विकले गेले. बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये जर्मनीत ५३०ई या प्लग-इन हायब्रिड गाडीसाठी ३.२ किलोवॅटची पाटी दिली होती आणि तिची छोटी बॅटरी साधारण साडेतीन तासांत भरत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात पोर्शेने इलेक्ट्रिक कायेनसाठी ११ किलोवॅटची एकसंध पाटी दाखवली. सुमारे ११७ सेंटिमीटर लांब, ७८ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच अशा या पाटीचे वजन ५० किलोच्या आसपास आहे, कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत असल्याचे कंपनी सांगते आणि गाडी पाटीवर आली की चार्जिंगसाठी काही सेंटिमीटर खाली बसते. म्हणजे आजवर हे तंत्र महागड्या गाड्यांच्या पर्यायी सामानातच राहिले आहे. भारतात सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यातील कोणत्याही गाडीत कारखान्यातून बसवलेली वायरलेस कॉइल आज मिळत नाही.

आपल्याकडे या विषयावर काम झालेले नाही, असे मात्र समजू नये. तिरुवनंतपुरमची सी-डॅक आणि नागपूरची व्हीएनआयटी या संस्थांनी मिळून १.५ किलोवॅटचा देशी वायरलेस चार्जर तयार केला आहे. साध्या सिंगल फेज जोडणीवर चालणारा हा चार्जर ४८ व्होल्टच्या बॅटरीला साडेबारा सेंटिमीटर अंतरावरून ८९.४ टक्के कार्यक्षमतेने वीज देतो आणि त्याचे तंत्रज्ञान २०२५ मध्ये उद्योगाकडे सोपवण्यात आले. मात्र ४८ व्होल्ट ही पातळी हलक्या वाहनांची आहे. चारचाकीची बॅटरी त्याच्या कितीतरी पट व्होल्टेजची असते.

राहता राहिले यांत्रिक हात. टेस्लाने २०१५ मध्ये सापासारखा वळवळत येऊन गाडीला जोडला जाणारा चार्जर चित्रफितीत दाखवला होता, आणि ऑस्ट्रियातील ग्राझ येथील ईझीलिंक ही कंपनी गाडीच्या पोटातून खाली उतरणाऱ्या जोडणीवर काम करते, ज्यात फरशीवरील पाटीशी प्रत्यक्ष स्पर्शानेच वीज जाते. टॅक्सीतळांसाठी ही कल्पना चांगली आहे; आपल्या घरच्या पार्किंगसाठी तिचा आज विचार करण्याचे कारण नाही.

पहिली पायरी : गरज मोजणे

यंत्राच्या किमतीकडे वळण्याआधी वहीत तीन आकडे लिहावेत : रोजचे सरासरी अंतर, गाडी घरी उभी राहण्याचे तास आणि बॅटरीची क्षमता. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी शहरात किलोमीटरला साधारण १५० वॅट-तास खाते असे धरले, तर रोजच्या ४० किलोमीटरला ६,००० वॅट-तास, म्हणजे ६ युनिट, लागतात. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा ३.३ किलोवॅटचा चार्जर हे काम दोन-सव्वादोन तासांत करतो. गाडी रात्रीचे दहा तास उभीच असते. तेव्हा ११ किलोवॅटच्या यंत्रासाठी थ्री फेज जोडणी घेण्याची घाई करणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. बॅटरी ४५ युनिटांची असेल आणि आपण ती २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान वापरत असू, तर एका चार्जिंगमध्ये २७ युनिट भरतात आणि ते चार दिवस पुरतात. म्हणजे गन आठवड्यातून दोनदाच लावायची आहे. ज्याचे हातपाय धड आहेत त्याने आठवड्यातील वीस सेकंदांसाठी लाखांचा खर्च करावा का, हे त्याने स्वतःच ठरवावे. याउलट संधिवाताने बोटे आखडलेली असणे, चाकाच्या खुर्चीतून गाडीत बसणे, पाठीचे दुखणे किंवा उतारवय यांपैकी काही असेल, तर तीच दहा सेकंदे मोठा अडथळा ठरतात. माझ्या मते हाताविना चार्जिंगचा खरा ग्राहक तोच आहे, आणि जाहिरातीत मात्र तो क्वचितच दिसतो.

दुसरी पायरी : जागा आणि परवानगी

बंगला किंवा स्वतंत्र घर असेल तर हा प्रश्न अर्ध्या दिवसात सुटतो. सोसायटीत मात्र पार्किंगची जागा आपल्या नावे कागदोपत्री वाटप झालेली आहे का, मीटर रूमपासून तेथपर्यंत केबल कोणत्या मार्गाने जाईल, आणि त्या मार्गात कोणाची भिंत, अग्निशमनाची पाइपलाइन किंवा ड्रेनेज येते का, हे आधी पाहावे. त्याचा साधा नकाशा काढून, केबलचा आकार, संरक्षक उपकरणे आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे नाव लिहून अर्ज केला, तर व्यवस्थापक समितीची भीती निम्मी कमी होते. समितीचे सदस्य बहुधा चार्जिंगला नव्हे, तर आगीच्या धोक्याला घाबरत असतात, आणि त्यांची ती भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

वीज कोणत्या मीटरवरून घ्यायची, याचे दोन मार्ग आहेत. आपल्या सदनिकेच्या मीटरवरून स्वतंत्र केबल पार्किंगपर्यंत आणता येते किंवा चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. केंद्राच्या २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने अशी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क स्पष्ट केला आहे, आणि नवी जोडणी देण्याची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस व ग्रामीण भागात १५ दिवस अशी ठरवली आहे. डोंगराळ ग्रामीण भागासाठी ती ३० दिवसांची आहे. सोसायटीच्या सामाईक मीटरवरून ‘तात्पुरती’ वायर ओढण्याचा तिसरा मार्ग पुष्कळ ठिकाणी दिसतो. तो वायरिंगच्या दृष्टीने धोक्याचा असतो आणि शेजाऱ्यांशी कायमचे वितुष्ट आणतो.

दराचा विचार येथेच करून टाकावा. स्वतःच्या घरी स्वतःची गाडी चार्ज केल्यास महाराष्ट्रात त्या जागेलाच लागू असलेला, म्हणजे घरगुती, दर लागतो. मात्र महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी गाडी दीडशेहून अधिक युनिट वाढवते आणि आधी अडीचशे युनिटांवर असलेले घर वरच्या टप्प्यात जाते. त्यामुळे वाढलेली युनिटे वरच्या टप्प्याच्या दराने मोजून, ती रक्कम स्वतंत्र ईव्ही जोडणीच्या दराशी आणि तिच्या स्थिर आकाराशी ताडून पाहावी. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर यांच्या ग्राहकांनी आपापल्या कंपनीचे दरपत्रक घ्यावे.

तिसरी पायरी : मंजूर भार

बिलावर ‘मंजूर भार’, म्हणजे घराला एका वेळी किती वीज ओढण्याची परवानगी आहे, असा रकाना असतो, पण तो सहसा कोणी वाचत नाही. जुन्या सदनिकांत तेथे दोन किंवा तीन किलोवॅट लिहिलेले आढळते. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, सिंगल फेजवर जवळजवळ ३२ अँपिअर प्रवाह तासन्‌तास ओढतो. गिझर पंधरा मिनिटे चालतो, मिक्सर दोन मिनिटे. चार्जरसारखा सलग पाच-सहा तास पूर्ण भार ओढणारे उपकरण सामान्य घरात दुसरे नसते. म्हणून ‘इतके दिवस एसी आणि गिझर चालतोच आहे’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. भार वाढवण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा, त्यासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा, आणि वाढीव भाराला मीटरपूर्वीची सर्व्हिस केबल पुरते का, हे विचारून घ्यावे.

भार वाढवणे शक्य नसेल, तर ३.३ किलोवॅटवर समाधान मानावे किंवा घराचा एकूण प्रवाह मोजून स्वतःचा वेग कमी-जास्त करणारा वॉलबॉक्स घ्यावा. अशा यंत्राचा प्रवाह मोजणारा चिमटा मुख्य वायरभोवती बसवतात. घरात गिझर सुरू झाला की चार्जर आपोआप मंदावतो आणि गिझर बंद झाला की पुन्हा वेग घेतो. हाताविना चार्जिंगच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे, कारण मुख्य एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडून रात्री अंधारात खाली जाण्याची वेळ तीच टाळते.

चौथी पायरी : वायरिंग, संरक्षण आणि अर्थिंग

या पायरीवर काटकसर करू नये. चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र सर्किट असावे आणि त्यावर दुसरे कोणतेही उपकरण नसावे. ३२ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, असे सर्रास सांगितले जाते. अंतर थोडे असेल तर ते खरे आहे. पण २५ मीटर अंतरावर पूर्ण प्रवाहात या वायरीत जवळपास ६ व्होल्टची घट होते, १० चौरस मिलिमीटरच्या वायरीत ती साडेतीनच्या आसपास राहते. आपल्याकडील ऊन, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवरून गेलेला पाइप आणि संध्याकाळी आधीच खाली आलेले व्होल्टेज लक्षात घेता, अंतर २० मीटरच्या वर असेल किंवा ४० अँपिअरचा एमसीबी बसवायचा असेल तर १० चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. ॲल्युमिनियमची जुनी वायरिंग वापरायचीच नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांत चार्जिंगच्या जागेसाठी काही स्पष्ट अटी आहेत आणि घरीही त्या जशाच्या तशा पाळणे शहाणपणाचे आहे. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे. गाडीचे चार्जिंगचे तोंड चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत यावे. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा जोडकेबल वापरू नये. ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक गळती होऊ न देणारे, किमान ‘ए’ प्रकारचे आरसीडी (गळती होताच वीज तोडणारे उपकरण) असावे आणि त्याने न्यूट्रलसह सर्व वाहक तोडावेत.

यांतील ‘ए’ प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण दुकानात सहज मिळणारे आरसीसीबी, म्हणजे आरसीडीचाच प्रचलित प्रकार, बहुधा ‘एसी’ प्रकारचे असते. दोन्हींचा आकार सारखाच असतो. फरक दर्शनी भागावरील छोट्या चिन्हात असतो. ‘एसी’वर फक्त एक लहरी रेघ असते, तर ‘ए’वर त्या रेघेखाली अर्ध्या लहरींची दुसरी खूणही असते. गाडीतील इलेक्ट्रॉनिक्समुळे गळतीचा प्रवाह शुद्ध एसी नसण्याची शक्यता असते आणि तो ‘एसी’ प्रकाराच्या उपकरणाला ओळखता येत नाही. वॉलबॉक्समध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय अंगभूत आहे का, हे माहितीपत्रकात पाहावे. ती नसेल तर ‘बी’ प्रकारचे आरसीसीबी लागते आणि त्याची किंमत बरीच अधिक असते.

अर्थिंगची कथा महाराष्ट्रात प्रदेशागणिक बदलते. कोकणातील जांभा आणि पठारावरचा काळा कातळ यांचा विद्युतरोध मोठा असतो. तेथे एका खड्ड्यात हवे ते मूल्य मिळत नाही, तेव्हा दोन-तीन इलेक्ट्रोड अंतर ठेवून पुरून एकमेकांना जोडावे लागतात. काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम असते आणि मे महिन्यात मातीला भेगा पडल्या की बिघडते. त्यामुळे मोजणी उन्हाळ्यात करावी आणि ती अर्थ टेस्टरनेच करावी. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून तो पेटला म्हणजे अर्थिंग चांगले, अशी पारंपरिक चाचणी अनेक वायरमन करतात. तिच्यावरून काहीच ठरत नाही. रोध ५ ओहमच्या खाली असावा, असा व्यवहारातील संकेत आहे. अर्थिंग कमकुवत असल्यास पुष्कळ गाड्या चार्जिंगलाच नकार देतात. अशा वेळी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून गाडीला ‘फसवण्याचा’ सल्ला कोणी दिल्यास त्याला त्याच क्षणी कामावरून थांबवावे. न्यूट्रल तुटला की अशा जोडणीत गाडीचा संपूर्ण पत्रा जिवंत होतो.

१५ अँपिअरच्या सॉकेटवरच चार्ज करायचे असेल तर घरगुती सॉकेटऐवजी १६ अँपिअरचे औद्योगिक सॉकेट बसवावे आणि गाडीच्या चार्जरला जुळणारा प्लग उत्पादकाकडून मिळतो का, ते पाहावे. वेळ लावण्यासाठी स्वस्त वाय-फाय प्लग मध्ये जोडू नये. सलग तासन्‌तासांच्या भाराने त्यातील संपर्क तापतात आणि प्लास्टिक वितळते.

पाचवी पायरी : फरशीत उद्याची सोय आजच करणे

घर बांधत असाल किंवा पार्किंगची फरशी नव्याने करत असाल तर वायरलेस पाटीसाठीची तयारी जवळजवळ फुकटात होते. नंतर तीच गोष्ट तोडफोडीसह करावी लागते. भिंतीवरील चार्जरच्या जागेपासून गाडीच्या मध्यरेषेपर्यंत दोन पाइप कोब्याच्या खालून टाकावेत. एक जाड पाइप विजेच्या केबलसाठी असावा आणि दुसरा बारीक संदेशवहनाच्या केबलसाठी. दोन्हींत नायलॉनची दोरी ओवून ठेवावी, तोंडे बूच लावून बंद करावीत आणि त्यांच्या जागेचे फोटो मापासह जपून ठेवावेत. उंदरांचा विचार करता बूच महत्त्वाचे आहे.

पाटीची जागा गाडीच्या पुढच्या भागाखाली की मध्यावर, हे गाडीगणिक बदलते. म्हणून पाइपाचे तोंड एका ठिकाणी पक्के न करता मध्यरेषेवर साधारण दीड मीटर लांबीची, झाकणाची उथळ चर ठेवावी. चर विटा आणि सिमेंटची असावी. लोखंडी जाळीचे झाकण आज चालेल, पण पाटी बसवताना ते काढावे लागेल, कारण बदलत्या चुंबकीय क्षेत्रात लोखंड तापते. जमिनीला उतार असा द्यावा की पावसाचे पाणी पाटीच्या जागेकडे न येता बाहेर जाईल. मुंबई-ठाण्यातील ज्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात घोटाभर पाणी साचते, तेथे फरशीवरच्या कोणत्याही विद्युत यंत्राचा विचारच सोडून द्यावा.

एक इशारा पोडियमवर पार्किंग असलेल्यांसाठी आहे. तेथे फरशीखाली जमीन नसून इमारतीचा स्लॅब आणि त्यावरचा जलरोधक थर असतो. तो खोदण्याचा अधिकार कोणत्याही सदनिकाधारकाला नाही, आणि एकदा गळती सुरू झाली की खालच्या दुकानदाराशी वाद अटळ होतो. अशा ठिकाणी पृष्ठभागावर ठेवायची पाटीच काय ती शक्य आहे, आणि केबल भिंतीवरून रबरी रॅम्पच्या झाकणाखाली आणावी लागेल.

गाडी दरवेळी त्याच जागी उभी राहावी यासाठी चाकाचा अडसर, म्हणजे फरशीत पक्का केलेला रबरी ठोकळा, आजच बसवावा. डाव्या चाकासाठी फरशीवर रंगाची सरळ रेघ मारावी आणि समोरच्या भिंतीवर नजरेच्या उंचीवर खूण करावी. महिनाभर रोज गाडी लावल्यावर फरशीवर खडूने चाकाची जागा लिहून पाहावी. खुणा ७५ मिलिमीटरच्या पट्ट्यात येत असतील तर तुमचे घर आणि तुमचा हात दोन्ही वायरलेससाठी तयार आहेत.

सहावी पायरी : आजच्या आज हाताचे काम कमी करणे

वायरलेस येईपर्यंत, आणि अनेकांच्या बाबतीत त्यानंतरही, पुढील व्यवस्था पुरेशी ठरते. केबल कायम भिंतीला जोडलेलाच वॉलबॉक्स घ्यावा, म्हणजे डिकी उघडण्याचे काम संपते. केबल जमिनीवर पडू नये म्हणून छताला किंवा भिंतीतून बाहेर आलेल्या लोखंडी बाहूला ती टांगावी. गॅरेजमध्ये जड हत्यारे अधांतरी तोलून धरणारा स्प्रिंगचा टूल बॅलन्सर मिळतो. त्याला केबल अडकवली की तिचे वजन हाताला जाणवत नाही आणि गन एका बोटाने ओढता येते. गनचा खण जमिनीपासून ८० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर ठेवल्यास चाकाच्या खुर्चीतून आणि वाकू न शकणाऱ्या माणसालाही तो सोयीचा पडतो. गाडी उलटी लावावी की सुलटी, हे चार्जिंगच्या तोंडाची बाजू पाहून ठरवावे आणि मग ते बदलू नये.

यानंतर वेळापत्रक. चार्जिंगची वेळ गाडीत, वॉलबॉक्समध्ये आणि मोबाइल ॲपमध्ये अशी तीन ठिकाणी लावता येते, आणि पुष्कळदा ती तिन्ही ठिकाणी लावलेली असते. गाडी अकराची वाट पाहते, वॉलबॉक्स दहाला सुरू होऊन कंटाळून बंद होतो, आणि सकाळी बॅटरी आहे तेवढीच सापडते. वेळ एकाच ठिकाणी लावावी, शक्यतो गाडीत. बाकी दोन्ही ‘लावताच सुरू’ या अवस्थेत ठेवावीत. ज्यांच्याकडे वेळेनुसार दराचा स्मार्ट मीटर आहे आणि गाडी दुपारी घरी असते, त्यांनी दिवसाच्या वेळची सवलत बिलावर तपासून चार्जिंग तेव्हा ठेवावे. छतावर सौर पॅनेल असणाऱ्यांनाही दुपारच सोयीची असते.

वीज जाऊन आल्यावर चार्जर आपोआप सुरू होतो का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे आणि बसवल्यावर मुख्य स्विच बंद-चालू करून स्वतः पाहावे. काही यंत्रे कार्ड दाखवल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाहीत. कुंपणाच्या आतील बंगल्यात ही कुलपाची सोय बंद ठेवता येईल. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये ती चालूच ठेवावी लागेल, आणि तेवढा हात तेथे लागणारच.

बॅटरी किती टक्क्यांना थांबवायची, ही मर्यादा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावावी. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीसाठी उत्पादक ठरावीक काळाने पूर्ण शंभर टक्के चार्ज करायला सांगतात, तर इतर प्रकारांसाठी रोज ८० टक्क्यांवर थांबण्याचा सल्ला असतो. शेजाऱ्याच्या गाडीचा नियम आपल्या गाडीला लावू नये.

सातवी पायरी : वायरलेस यंत्र घेण्याची वेळ आली तर

पहिला प्रश्न गाडीचा. कॉइल कारखान्यातून बसवलेली असेल तरच पुढे जावे. बाहेरून कॉइल बसवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती उच्च व्होल्टेजच्या बॅटरीची जोडणी जाते, वॉरंटीवर पाणी सोडावे लागते, आणि मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनात मान्यतेविना फेरफार करण्यास मनाई करते ते वेगळेच. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडी उचलून पाहील तेव्हा ही कॉइल त्याच्या नजरेतून सुटणार नाही.

दुसरा प्रश्न जोडणीचा. ११ किलोवॅटची पाटी थ्री फेजवर चालते आणि थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजहून बराच अधिक असतो. तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. पाटीवर नाणे, खिळा, पत्र्याचा डबा किंवा चकचकीत वेष्टनाची गुटख्याची पुडी पडली तर तिच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरून ती तापते. म्हणून परकी वस्तू ओळखून थांबणारी आणि मांजर-कुत्र्यासारखे प्राणी ओळखणारी अशा दोन्ही यंत्रणा पाटीत असल्याच पाहिजेत. आपल्या पार्किंगमध्ये गाडीखाली मांजर निजणे रोजचेच असल्यामुळे, चार्जिंग रात्रीतून किती वेळा थांबते याची नोंद पहिल्या आठवड्यात ठेवावी. गाडीबाहेर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचणारे चुंबकीय क्षेत्र विकिरणांपासून संरक्षणाचे निकष सुचवणाऱ्या आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०१० च्या मार्गदर्शक मर्यादेत, म्हणजे या वारंवारतेला २७ मायक्रोटेस्लाच्या आत, असावे. उत्पादकाकडून त्याचे प्रमाणपत्र मागावे. घरात कोणाला पेसमेकर असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारावे आणि पाटी चालू असताना त्या व्यक्तीने गाडीजवळ वाकून काहीही करू नये.

वायरलेसमध्ये केबलपेक्षा अधिक वीज वाया जाते, हा आक्षेप मात्र मला तितकासा पटत नाही. बॅटरीत महिन्याला १५० युनिट भरायची असतील, तर ९० टक्के कार्यक्षमतेने १६७ आणि ८५ टक्क्यांनी १७६ युनिट मीटरवर पडतील. फरक नऊ-दहा युनिटांचा आहे. मात्र गाडी वाकडीतिकडी लावली की कार्यक्षमता घसरते आणि हाच फरक वाढतो, म्हणून चाकाच्या अडसराचे महत्त्व पुन्हा येथे येते.

बसवल्यानंतर

कोणतीही व्यवस्था केली तरी पहिल्या चार्जिंगच्या रात्री तासाभराने खाली जाऊन एमसीबी, सॉकेट आणि जोडांच्या पेटीला बाहेरून हात लावून पाहावा. कोमट लागणे स्वाभाविक आहे; चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवून जोड घट्ट करून घ्यावेत. पहिल्या महिन्याने ठेकेदाराला बोलावून, मुख्य पुरवठा बंद करून सर्व स्क्रू एकदा आवळून घ्यावेत, कारण तापून-गार होण्याच्या चक्रात तांब्याचे जोड सैल होतात. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ बटण दर तीन महिन्यांनी दाबावे; दाबताच खटका पडला नाही तर ते उपकरण बदलावे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी घालावे. वायरलेस पाटी असेल तर तिच्यावरची धूळ आणि पाने ओल्या फडक्याने पुसावीत, पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, आणि गाडी धुणाऱ्या माणसाला हे स्वतः दाखवून सांगावे. बादली नेमकी पाटीवरच टेकवण्याची सवय त्याला आधी मोडावी लागेल.